पहिल्या रविवारची भाकर

व्हिसा एका वर्षाचा होता, आणि मी अख्ख्या सिन्नरला सांगून टाकलं की आई कायमची चालली.

कागद माझ्याच खिशात होता. त्यावर 'व्हिजिटर' असं लिहिलेलं होतं, अक्षरही बारीक नव्हतं. पण मी मनाशी धरून बसलो होतो की माणूस एकदा तिकडं पोचलं की पुढचं वाढवून घेता येतं. एसटीत नाही का, आपण सिन्नरपर्यंतचं तिकीट काढतो आणि कंडक्टरला सांगून पुढं संगमनेरला जातो! ऑस्ट्रेलियाचं सरकार कंडक्टरसारखं नसतं, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

निघायच्या आधीच्या रविवारी देवळात आईचा निरोप झाला. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. आमचं देऊळ म्हणजे दगडी भिंती, वर पत्रा, बाहेर एक कडुनिंब, आणि मंडळीत मोजून चाळीस घरं. त्या चाळीस घरांतलं एकही घर असं नव्हतं जिथं आईनं बाळंतिणीला न्हाऊ घातलं नव्हतं किंवा मेलेल्याला शेवटचे कपडे चढवले नव्हते. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, आईला शाल पांघरवली, हार घातला. मग मी उठून भाषण केलं. कोणी सांगितलं नव्हतं. "आईनं आयुष्यभर तुमची सेवा केली, आता मुलाला तिची सेवा करू द्या," असं काहीतरी बोललो. बायका रडायला लागल्या. मला माझं भाषण इतकं आवडलं की मीही रडलो. आई तेवढी रडली नाही. ती समोरच्या मेजाकडं बघत होती.

त्या मेजावर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी तुकडा-तुकडा खायची, भाकर ठेवतात. ती भाकर एकोणचाळीस वर्षं आई करत होती. आणि माझं भाषण संपल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीतल्या मार्थावहिनींना पुढं बोलावलं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ते काम मार्थावहिनींचं झालं. त्यात चूक काहीच नव्हती. बाई कायमची चालली म्हटल्यावर दुसरं काय करणार?

ही भाकर बाजरीची नव्हे. गव्हाची, मीठ-खमीर काही न घातलेली, बोटभर जाड, मंद आचेवर भाजलेली. शनिवारी दुपारी करायची आणि रविवारी सकाळी तिचे नखाएवढे तुकडे कापून ताटात न्यायचे. करणं अवघड नाही. अवघड होता तो आमच्या मंडळीतल्या बायकांचा नियम. कणकेला हात लावण्याआधी मन साफ पाहिजे. कोणाशी अबोला असेल, कोणावर राग असेल, तर तो आधी मिटवायचा. रागानं मळलेली भाकर मंडळीच्या तोंडी घालायची नाही.

त्यामुळं त्या शनिवारी सकाळी आई फेरीवर निघायची. जावेशी बोलून यायची, शेजारणीकडं चहा घेऊन यायची. एकदा कोथिंबिरीच्या जुडीवरून ती भाजीवाल्याला नाही नाही ते बोलली होती. त्याच्या गाडीपुढं उभं राहून म्हणाली, "चुकलं माझं, मनात ठिवू नगा." तो बिचारा इतका घाबरला की त्यानं दोन जुड्या फुकट दिल्या.

परमेश्वराच्या कायद्यातली एवढी मोठी फट सिन्नरमध्ये फक्त मला सापडली होती. गणितात अकरा मार्क पडले की प्रगतिपुस्तक मी दप्तरात दडवून ठेवायचो आणि त्या शनिवारी, आई परातीत पीठ घेऊन बसली की नेमका दारात उभा राहायचो. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ उघडला आणि परत जुळवता आला नाही, तोही शनिवारपर्यंत ट्रंकेत ठेवला. आई पिठाकडं बघायची, माझ्याकडं बघायची.

"अव्या, आजच का रं?"

"आजच आठवलं."

ती डोळे मिटायची, ओठ हलायचे. मग म्हणायची, "गेलं. जा, खेळ."

असा मी बालपणी महिन्यातून एकदा हिशोबानं निर्दोष व्हायचो. अण्णा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणायचे, "हा पोरगा वकील होणार नाहीतर आत जाणार." मी इंजिनियर झालो.

आई चांदवडची. कांद्याच्या चाळीत खेळून मोठी झाली आणि अठराव्या वर्षी सिन्नरला आली. आली तेव्हा घरात सासू, सासरे, दोन लहान दीर. दिरांना तिनंच शाळेत घातलं, तिनंच त्यांची लग्नं लावली. सकाळी पाचला उठणं, देवळाचं दार उघडणं, झाडून काढणं, मग घरचा स्वयंपाक. रविवारी पोरांची शाळा, बुधवारी बायकांची सभा, नाताळला कागदी कंदील आणि करंज्यांचे डबेच्या डबे. आजीचे हात थकले तेव्हा आजीनं भर चुलीपाशी आईच्या हातात परात दिली आणि म्हणाली, "आता हे तुझं." आईनं ते इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. खरं तर तेव्हा मी पालथी घातलेल्या पाटीखाली मांजर कोंडत होतो.

मी सिन्नर सोडलं तेव्हा स्टँडवर दोघं आले होते. अण्णा म्हणाले, "पत्र टाकत जा. नुसतं 'मी मजेत' लिहू नको, काय जेवलास ते लिही." आईनं विचारलं, परत कधी. मी म्हणालो, दोन वर्षांनी. त्याला आता चोवीस वर्षं होतील. पत्रं मी टाकली, जेवणाची यादीही लिहिली. मग फोन आला, मग व्हिडिओ कॉल आला, आणि काय जेवलास हे सांगायचं सोडून मी हवामान सांगायला लागलो. अण्णा गेले तेव्हा मी सिंगापूरच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होतो. त्यांना माती दिलेली मी मोबाईलवर पाहिली, तीसुद्धा अडकत अडकत.

तेव्हापासून आई एकटी. दर कॉलला मी म्हणायचो, इकडं ये. ती म्हणायची, बघू. दहा वर्षं बघू बघू करून शेवटी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती हो म्हणाली. तिला ऑस्ट्रेलिया बघायचं नव्हतं. माझा आवाज रडवेला झाला, म्हणून ती निघाली. मला वाटलं, जिंकलो.

मेलबर्नच्या विमानतळावर खाण्याचं काही आणलंय का, असं लिहिलेलं कार्ड भरायचं असतं. मी आईच्या कार्डावर 'नो' लिहिलं आणि तिला बजावलं, काही बोलू नको. तिथल्या बाईनं नुसतं 'फूड?' एवढंच विचारलं. आईला तेवढा शब्द येत होता. "हाय की!" म्हणून तिनं पिशवीच मोकळी केली. शेंगदाण्याची चटणी, पापड, कुरडया, आणि एका धडप्यात बांधलेले सिन्नरचे गहू. ती बाई माझ्याकडं बघायला लागली. आईही माझ्याकडं बघायला लागली, आणि दोघींची नजर अगदी सारखी होती. गहू तिथंच राहिले.

ते वर्ष वाईट गेलं असं म्हणवत नाही. सरिता, म्हणजे माझी बायको, आणि मी कामावर जायचो, मुलं युनिव्हर्सिटीत. आमचा सबर्ब दिवसभर इतका शांत असतो की कुत्रंसुद्धा परवानगी काढून भुंकतं. आईनं चार दिवसांत कुठला बिन कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते पाठ केलं. बिनचा ट्रक आला की ती खिडकीत उभी राहून ड्रायव्हरला हात करायची. तो हॉर्न वाजवायचा. संध्याकाळी मी विचारायचो, "आज काय केलंस?" ती म्हणायची, "तो येऊन गेला." आठवड्यातून एकदा तिच्याकडं माणूस येत होतं, आणि ते कचरा न्यायला येत होतं. मी हे ऐकून हसायचो. ऑफिसात सांगूनही हसवायचो.

आमचं तिकडचं चर्च मोठं, गालिचा, स्क्रीन, कॉफी. तिथं प्रभुभोजन एका छोट्या प्लास्टिकच्या पेल्यातून येतं. वरचा पापुद्रा काढला की कागदासारखी चकती, खालचा काढला की द्राक्षाचा रस. आईला तो पापुद्रा सुटेना. मी सोडून दिला. ती चकती बोटांत धरून तिनं हळूच विचारलं, "ही कुणी केली?"

"कारखान्यात होते, आई."

"कारखान्यातल्या माणसाचं कुणाशी भांडण नव्हतं ना?"

मी 'शू' केलं. आता वाटतं, त्या हॉलमध्ये तेवढा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता.

पुढच्या महिन्यात तिनं शनिवारी सकाळी मला, सरिताला, दोन्ही मुलांना बोलावून विचारलं, माझं काही लागलंय का मनाला? मुलं घाबरली. त्यांना वाटलं, आजीला काहीतरी झालंय. मग तिनं कणीक मळली, भाकर भाजली आणि स्वच्छ पंच्यात बांधून माझ्याकडं दिली. चर्चमधल्या बाई फार चांगल्या. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं की घरचं चालत नाही, ग्लुटेन, ॲलर्जी, नियम आहेत. ग्लुटेनला मराठीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. ते आईला समजावून सांगायची हिंमत तर त्याहून नव्हती. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ती अख्खी भाकर एकट्यानं खाल्ली. कोरडी, बिनमिठाची. नरड्यात घास अडकला तेव्हा वर फ्लॅट व्हाइट कॉफी प्यालो. आईला सांगितलं, वाटली, सगळ्यांना आवडली.

घरी जाताना ती पुढच्या सीटवर बसली. सीटवरचा चुरा तिनं बोटानं टिपला, बघितला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "देवानं पाच भाकरी पाच हजारांना पुरिवल्या, तू एक एकट्यानं संपिवली." त्यानंतर तिनं तिकडं कणीक मळली ती फक्त चपात्यांसाठी.

दहाव्या महिन्यात मी व्हिसा वाढवायला एजंटकडं गेलो. त्यानं कायमच्या व्हिसाची रांग किती लांब आहे ते सांगितलं, मग आईचं वय विचारलं. मी सांगितल्यावर तो समोरची वाटी सरकवून म्हणाला, "मिंट घ्या." मी मिंट घेतलं. त्या दिवशी मला करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मी पाच जणांना फोन केले, तीन फॉर्म भरले, एका खासदाराला ईमेल लिहिली. त्याच्या ऑफिसनं फार छान उत्तर पाठवलं. त्यात 'नाही' हा शब्द कुठंही नव्हता आणि दुसरं काहीही नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग शाल परत करावी लागंल." मला कळेना. "जायची म्हणून शाल दिली होती ना. मी तर चालले परत." सिन्नरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ती खरंच शाल घडी करून पाळकसाहेबांकडं गेली. त्यांनी हात जोडून ती तिच्याच खांद्यावर घातली. शाल राहिली. भाकर मात्र परत आली नाही. एकदा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली की ते काम त्या बाईचं. आईनं फोनवर सांगितलं, "मार्था चांगली करती. जरा जाड ऱ्हाती, पण चांगली." एवढंच. पण पहिल्या रविवारच्या आदल्या सकाळी तिनं सवयीनं जावेकडं फेरी मारली, शेजारणीकडं चहा घेतला, घरी आली आणि परात पुढ्यात घेतल्यावर तिला आठवलं. हे तिनं नाही, तिच्या जावेनं मला कळवलं.

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. मी पाळकसाहेबांना फोन केला. चांगला पाऊण तास बोललो, आणि माझं काम म्हणजे मुद्देसूदच असतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या रविवारी भर उपासनेत, सूचनांच्या वेळी, वाचून दाखवलं: "गुणाकाकूंच्या चिरंजीवांचा मेलबर्नहून फोन आला होता. भाकरीची सेवा काकूंना परत मिळावी अशी त्यांची इच्छा आहे. तरी पंचमंडळींनी उपासनेनंतर थांबावं." मार्थावहिनी पहिल्या बाकावर. आई शेवटच्या. मला नंतर कळलं की आई उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझं पोरगं लांब ऱ्हातं, त्याला हितलं काय ठावं नाय. म्होरली सूचना घ्या."

दोन आठवडे तिनं माझा फोन घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात घेतला. मी म्हणालो, आई, चुकलं, माफ केलंस का? नेमका शनिवार होता. मी तारीख बघूनच फोन केला होता, जुनी खोड.

आई म्हणाली, "आता मला कुठं कणीक मळायचीय? मला घाई नाय."

यंदा नाताळाआधी मी तीन आठवड्यांची रजा काढून गेलो. सिन्नर ओळखू येत नाही असं लिहायची पद्धत आहे, पण सिन्नर चांगलंच ओळखू येतं. सिन्नरला मी ओळखू येत नाही. स्टँडवर जीपवाल्यानं मला हिंदीत विचारलं, "किधर जाना है?"

आई वाळलीय. कप धरताना बशीचा आवाज होतो. मंडळीतल्या बायकांनी तिच्या जेवणाचे वार लावून घेतलेत. सोमवारी एक डबा, मंगळवारी दुसरा. बुधवारी मार्थावहिनींचा. त्या डबा घेऊन आल्या तेव्हा ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, भाऊजींच्या समोर सांगते, तुम्ही घ्या ना परत. मी साहेबांना सांगते."

"गप ए," आई म्हणाली. "प्रार्थना झालीय. ती काय भाड्याची सायकल हाय, परत नेऊन लावायला? आणि वांगी तिखट केलीस."

मी वहिनींना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, माझ्यामुळं सगळं झालं. मला वाटलं, त्या 'नाही हो भाऊजी' म्हणतील. मंडळीतल्या बायका असं म्हणतात.

"हात थरथरतात त्यांचे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नेलं नसतं तरी वर्षा-दोन वर्षांत दुसरीला द्यावंच लागलं असतं. पण मग त्यांनी आपल्या हातानं दिलं असतं, भाऊजी." आणि स्कूटी सुरू करून गेल्या.

मी फाटक लावलं. यावर भरायला कुठला फॉर्म नव्हता. ती परात मी तिच्या हातून काढून घेतली होती आणि वर भाषण ठोकून मंडळीला रडवलं होतं. आता ती परत घेऊन तिच्या हातात ठेवता येत नाही, कारण परत दिलेली परात म्हणजे दया, आणि आईनं आजवर दया केलीय, घेतलेली नाही.

तुम्ही जे सिन्नरला, निफाडला, चांदवडला राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही घर सोडलं आणि विसरलो. तसं नाही. आम्ही घर जसंच्या तसं मनात ठेवतो आणि सुट्टीत येऊन त्यातल्या माणसांना जागेवरून हलवून बघतो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, त्यांना काय सांगू? घर म्हणजे आई असेल तिथं, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे. आई माझ्या घरी एक वर्ष होती, आणि ते तिचं घर नव्हतं. ज्या जागी आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ते घर. मेलबर्नमध्ये माझ्यावाचून अडतं ते घराचे हप्ते घेणाऱ्या बँकेचं. सिन्नरमध्ये तेही नाही. आणि आईवाचून आता कुठंच कोणाचं अडत नाही, हे मी केलं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. आईच्या जावेकडून डबा आला होता. वाटीतली डाळ उचलताना आईचा हात हलला, थोडी ताटाबाहेर सांडली. मी पुसायला पुढं झालो, तिनं हात आडवा करून मला थांबवलं आणि स्वतः पुसली, सावकाश. मी म्हणालो, "आई, मी परत येतो. इथंच राहतो तुझ्याजवळ. खरंच सांगतो. नोकरीचं बघू काहीतरी."

आई चावत राहिली. घास गिळला, पाणी प्याली, माझ्याकडं नीट बघितलं.

"नको बाबा," ती म्हणाली. "एका म्हातारीचं करतानाच मंडळीच्या नाकी नऊ येतात, त्यात तुझी भर नको."